फ्रीज मागून कोणी धरला होता?

असल्या गोष्टी मी वाचतो, पण खऱ्या मानत नाही. आमच्या आचऱ्याकडे वाडीगणिक देवचार, म्हणजे राखण करणारी भुतं, सांगतात. सत्तेचाळीस वर्षांत मला एकही भेटलेला नाही. हे लिहितोय ते कुणाला घाबरवायला नाही. सांगून टाकलं की जरा हलकं वाटेल, एवढंच...

मी ग्रामपंचायतीत क्लार्क. घरी फक्त मी आणि बाबा. पक्षाघातानंतर बाबा दीड वर्षं अंथरुणावर आहेत. त्यांचं सगळं मीच करतो. त्यांचं इन्सुलिन फ्रीजमध्ये असतं. स्वयंपाकघरात नव्या लाद्या बसवल्यापासून फ्रीज पुढे कलला होता आणि दार आपोआप उघडं पडायचं. मी रोज रात्री दाराला खुर्ची टेकवायचो. एके दिवशी थकून तसाच झोपलो. सकाळी सगळं इन्सुलिन कोमट.

शेवटी बाळाला फोन केला. हा माझा शाळेतला मित्र, फ्रीज दुरुस्त करतो. तो म्हणाला, प्लग काढ, सामान बाहेर काढ, फ्रीज भिंतीपासून पुढे ओढून ठेव. पुढचे दोन पाय फिरवून थोडे उंच केले, की फ्रीज किंचित मागे झुकतो आणि दार आपसूक मिटतं. पण हे दोन माणसांचं काम.

"मी पाठसून धरतलंय, तू पाय फिरव. मी येयसर एकट्यान कलंडवू नको," हे त्याने दोनदा बजावलं.

रविवारी सकाळी अकराची वेळ ठरली. मी सगळी तयारी करून पाना घेऊन फ्रीजसमोर जमिनीवर बसलो. खाऱ्या हवेने पाय गंजलेत का, तेवढंच बघत होतो. इतक्यात फ्रीजच्या मागे कुणाचीतरी चाहूल लागली आणि फ्रीज अलगद मागे झुकला.

"इलंस?" मी विचारलं. उत्तर नाही. बाळाच्या तोंडात कायम तंबाखू असते, त्यामुळे नवल वाटलं नाही. डावा पाय फिरवला. मग उजव्याखाली बोटं घातली.

तेव्हाच फोन वाजला. स्क्रीनवर बाळाचं नाव. डाव्या हाताने स्पीकर लावला.

"माका उशीर होतलो रे," तो म्हणाला, "अजून तिठ्यारच आसंय."

माझी बोटं फ्रीजखाली होती. मागच्याने सोडलं असतं तर चिरडलीच असती. राहिलेले दोन फेरे फिरवले — का, ते विचारू नका — आणि हात बाहेर काढला.

"सोडा. सावकाश," मी म्हणालो.

फ्रीज आवाज न करता खाली टेकला. उठून फ्रीजच्या मागे पाहिलं. कुणी नव्हतं. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला आतून कडी होती.

बाळा तासाभराने आला. लेव्हल लावून फ्रीज किती झुकलाय ते पाहिलं, दार अर्धं उघडून सोडलं. ते हळूच मिटलं. एकट्याने केलं म्हणून मला खूप बोलला. मी ऐकून घेतलं.

मला झेपलं नसतं, हे मला माहीत आहे. मग धरलं कोणी? आजही सांगता येत नाही.

बाळा गेल्यावर बाबांचं अंग पुसायला बसलो. त्यांच्या खाटेवरून स्वयंपाकघर दिसतं. ते म्हणाले, "तो पयलो इल्लो, तेका चाय तरी विचारूची रे."

कोण, म्हणून विचारलं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.