कान पक्के झाल्याचे पेढे

पूर्वी आमच्या वस्तीत गाण्याचा कार्यक्रम असला की मांडवाच्या मधोमध एक दोरी बांधत. दोरीच्या अलीकडे बाया, पलीकडे गडी. नवराबायको घरातून बरोबर निघाले तरी मांडवाच्या तोंडाशी त्यांची फारकत व्हायची, आणि पुन्हा भेट कार्यक्रम संपल्यावर चपलांच्या ढिगापाशी. बाकीच्या जोड्यांना याचं काही वाटत नसे. काही बायांना तर तेवढाच निवांतपणा मिळायचा. आम्हा दोघांना मात्र करमायचं नाही. चांगलं गाणं कानावर पडावं आणि शेजारी आपलं माणूस नसावं, याची मला तर चीड यायची. म्हणून आम्ही दोरीवरून बोलायचो, हातानं.

हातांची ती बोली ह्यांनी कंपनीतून आणली होती. हे हॅमर शॉपला होते. भट्टीतून लालभडक लोखंड सांडशीनं ओढायचं, यंत्राच्या घणाखाली धरायचं आणि वरून घाव पडू द्यायचा. कंपनीच्या भिंतीबाहेर टपरीवर बसलं तरी ग्लासातला चहा हलायचा, तर आत काय होत असेल! तिथं हाक मारून उपयोग नसे. घण चालवणाऱ्याला खुणेनं सांगायचं. मूठ हवेत आपटली की ‘जोरात’. तळहात उपडा करून हलवला की ‘हलकेच’. दोन बोटं फिरवली की ‘उलटव’. आणि मूठ नुसती वर धरली की ‘थांब’. एवढ्यावर त्यांची अख्खी शिफ्ट निघायची.

लग्नानंतर गायन पार्टीच्या पहिल्याच कार्यक्रमाला त्यांनी दोरीपलीकडून माझ्याकडे बघून मूठ आपटली. मला वाटलं, काही चुकलं की काय माझं. चपलांपाशी विचारलं तर म्हणाले, “अगं, गाणारा लई भारी हाय, असं म्हणत होतो.” तेव्हापासून ‘जोरात’ म्हणजे वाहवा. गायक बेसूर झाला की हे मूठ वर धरायचे, ‘थांबवा याला’, आणि मी पदर तोंडात कोंबून हसायची. पुढच्या म्हाताऱ्या वळून डोळे वटारायच्या. दोन बोटं फिरवली की भजी. कढईत भजी उलटवतात ना, तशी. ती खूण दिसली की मी पाणी प्यायचं निमित्त करून उठायची आणि मांडवामागच्या गाड्यावर आमची गाठ पडायची.

आम्ही उस्मानाबादकडचे. इथं पिंपरीकडे आलो तेव्हा कासारवाडीला एका खोलीत संसार आणि दाराशी सायकल, एवढंच काय ते होतं. पण त्या सायकलनं आम्हाला कुठं नाही नेलं! भोसरीच्या जत्रेत कुस्त्या बघायला हे जायचे आणि मी गोडीशेवेच्या दुकानापाशी थांबायची. मग दोघं मिळून ढोल-लेझीम बघायचो. गणपतीत कंपन्यांच्या गेटवर ऑर्केस्ट्रा असायचे. आपण कुठल्या देवाच्या मांडवात बसलोय याची आम्ही फिकीर केली नाही, गाणं गोड असलं की झालं. रविवारी सकाळी पिंपरी कॅम्पात सिंध्यांच्या गाड्यावर दालपक्वान. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा ती कडक पुरी मोडताना सगळी डाळ ह्यांच्या शर्टावर सांडली होती. थंडीत चाकणच्या पुढं ह्यांच्या एका सोबत्याच्या शेतावर हुरडा. जाताना-येताना मी कॅरिअरवर आणि हे पुढं गाणं म्हणत. वाऱ्यानं शब्द मागं पोचायचे नाहीत. मग मी त्यांच्या पाठीला कान लावायची. पाठीतून गाणं नीट ऐकू यायचं, सुरासकट. एकदा ऐकलेली चाल हे विसरत नसत, आणि सुराला इतके पक्के की मला अभिमान वाटायचा.

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षात एकदा हे कागदात पेढे घेऊन आले. हॅमर शॉपात एक रीत होती. नव्या माणसाच्या कानात सुरुवातीला रात्रंदिवस शिट्टी वाजायची, डोकं ठणकायचं, झोप लागायची नाही. काही महिन्यांनी ते सगळं थांबायचं. घणाचा आवाज बोचेनासा व्हायचा. त्या दिवशी त्या माणसानं शॉपभर पेढे वाटायचे. जुने लोक त्याचा कान पिळायचे आणि म्हणायचे, पक्का झाला गडी. कानात बोळे घालून काम करणाऱ्याची तिथं टिंगल व्हायची. शिवाय लोखंड गार पडायला लागलं की घावाचा आवाज बदलतो, तो ऐकू यायला नको का?

“माझे कान पक्के झाले,” हे म्हणाले. “आता घणाचा काय बी त्रास न्हाई.”

मी दोन पेढे बुद्धाच्या तसबिरीपुढं ठेवले, पंचशील म्हटलं आणि मग एकेक आम्ही खाल्ला. मला इतकं बरं वाटलं होतं त्या दिवशी. हे रात्री कूस बदलत राहायचे ते आता बंद होईल, एवढंच माझ्या मनात होतं.

पुढं बरीच वर्षं गेली. आम्हाला मुलगी झाली. संत तुकाराम नगरला घर मिळालं. कार्यक्रमाला गेलं की हे दर वर्षी थोडं पुढं सरकून बसायला लागले. मला वाटलं, वस्तीत मान वाढलाय. मग स्पीकरवाल्याशी भांडायला लागले. “आवाज वाढव की राव, जेवला न्हाईस का?” स्पीकरवाला माझ्याकडे बघायचा. मीही त्यालाच दोष द्यायची. आपल्या माणसाची बाजू घ्यायची, एवढंच मला तेव्हा कळत होतं.

खरं काय ते मला सायकलवर कळलं. मुलीला शेजारणीकडे ठेवून आम्ही हुरड्याहून परत येत होतो. हे गात होते, मी पाठीला कान लावला, आणि गाणं बेसूर होतं. मला आधी वाटलं थट्टा करतात. कधी कधी करायचे तशी, एखाद्या गायकाची नक्कल. पण नक्कल संपेना. त्यांचंच लाडकं गाणं, पण सूर कुठल्या कुठं, आणि आवाज इतका मोठा की रस्त्याकडेची माणसं वळून बघत होती. मी मागून हाक मारली. पुन्हा मारली. शेवटी पाठीवर थाप दिली तेव्हा सायकल थांबली. वळून हसत म्हणाले, “काय गं, भजी?” मी हो म्हटलं. चाकणच्या चौकात हे भजी खात राहिले आणि मी माझीही त्यांच्या कागदात सरकवली.

पुण्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी बरंच तपासलं. कानात शिट्टी वाजायची का, ती कधी थांबली, असं विचारलं. प्रश्न मी ह्यांच्या कानाशी ओरडून सांगितला. ह्यांनी मोठ्या उत्साहानं पेढ्यांची गोष्ट सांगितली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “बाई, शिट्टी थांबली म्हणजे कान पक्के झाले नव्हते. तेव्हापासून ते जायला लागले होते. आता नस गेलेली आहे. मशीन लावूनही उपयोग होणार नाही.”

ह्यांना ते ऐकू गेलं नाही. मला सांगावं लागलं. बाहेर लिंबाखाली उभं राहून मी त्यांच्या कानात ओरडून सांगितलं आणि येणारे-जाणारे थांबून बघत राहिले. नवऱ्याला अशी गोष्ट ओरडून सांगायची पाळी कुठल्याच बाईवर येऊ नये. पेढा मीही खाल्ला होता, चवीनं खाल्ला होता. त्याची चव त्या दिवशी तोंडात परत आली आणि मला भडभडून आलं.

हे म्हणाले, “कुणाला सांगू नको.” आणि जरा वेळानं, “रविवारी गायन पार्टी हाय ना? जायचं.”

गेलो. मग जातच राहिलो. फरक एवढाच की आता दोरीपलीकडून बोलायचं काम माझं होतं. गाणं रंगलं की मी मूठ आपटायची, की हे मान डोलवायचे. आवाज खाली आला की मी तळहात हलवायची, की हे डोळे मिटायचे. दाद अगदी जागच्या जागी. कधी कधी तर सगळ्या मांडवाच्या आधी ह्यांची मान हलायची, कारण ती चाल मला पाठ असायची. लोक म्हणायला लागले, असा दर्दी माणूस पंचक्रोशीत नाही. गायक मंडळी बसायच्या आधी ह्यांच्याकडे बघून हात जोडायची. मला हसू यायचं. माझं स्वतःचं ऐकणं मात्र त्या दिवसांत संपलंच. गाणं कानात शिरायचं आणि थेट हातात उतरायचं, मधे मनापाशी थांबायला त्याला सवड नव्हती. पण हे खूश असायचे, चपलांपाशी भेटलो की चेहरा फुललेला असायचा, आणि त्यापुढं मला दुसरं काही नको होतं.

मुलीचं रडणं तेवढं ह्यांनी ऐकलं होतं. ती बोलायला, मग गायला लागली तोवर कान गेले होते. गळा तिनं ह्यांचा घेतला होता. सायकलवरची सगळी गाणी मी भाकरी थापता थापता गुणगुणायची, ती तिनं उचलली. हे दारात बसून तिच्या हलत्या ओठांकडे बघत राहायचे. एकदा मला म्हणाले, “एकदा ऐकायला पायजे हिला. एकदाच. मग न्हाई आलं ऐकू तरी चालंल.” पुढं ते वरचेवर हेच म्हणायला लागले. देवाधर्मात मन न घालणारा माणूस, पण या एका गोष्टीसाठी कुणाचाही अंगारा लावून घ्यायला तयार झाला असता.

त्या वर्षी जयंतीच्या कार्यक्रमात मुलगी पहिल्यांदा एकटी गाणार होती. निळी रिबीन, पांढरा फ्रॉक. मांडव गच्च भरलेला. हे पलीकडे पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात, माझ्याकडे तोंड करून बसलेले. स्टेजकडे पाठ झाली तरी त्यांना पर्वा नव्हती.

ती गायला लागली. कसं सांगू? सायकलवर मी पाठीला कान लावून ऐकायची तोच सूर, फक्त कोवळा. सगळा मांडव चिडीचूप झाला. मागच्या बाईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. आणि माझे हात मांडीवरून उचलले जाईनात. हे भुवया उंचावून बघत होते. कसं, कसं? मी मूठ आपटली. त्यांनी मान हलवली, पण पुन्हा तोच प्रश्न डोळ्यांत. जोरात, हलकेच, उलटव, थांब. आमच्याजवळ एवढंच होतं. लोखंडाला जेवढं लागतं तेवढं. गोड कसं सांगायचं? तुमचाच सूर आहे, हे कसं सांगायचं? मी मूठ आपटत राहिले आणि रडत राहिले. माझं रडणं बघून त्यांना वाटलं, पोरीचं काही चुकलं. त्यांनी घाबरून मूठ वर धरली. थांबली का? मी जोरजोरात मान हलवली. नाही, नाही. तेवढ्यात टाळ्या पडल्या. टाळ्या त्यांना दिसल्या, तेव्हा कुठं त्यांचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुट्टी होती. मी स्टोव्हवर चहा ठेवला होता. ह्यांनी मुलीला दारात उंबऱ्यावर बसवलं, आपण मागं बसले आणि तिच्या पाठीवर तळहात टेकवला.

“म्हण,” म्हणाले. “कालचं. तुझी आई माझ्या पाठीतून गाणं ऐकायची. मी हातानं ऐकतो.”

ती म्हणायला लागली. मी ह्यांच्या हाताकडे बघत होते. सांडशी धरून धरून तळव्याला घट्टे पडलेले, जागोजागी ठिणग्यांचे डाग. चहाचा तापलेला टोप हे फडक्याशिवाय उतरवायचे आणि त्यांना काही वाटत नसे. त्या हाताला पोरीच्या पाठीतलं काय कळणार होतं? पण चेहऱ्यावर अशी आशा होती की मी स्टोव्हचा आवाज नको म्हणून तो बंद केला.

दुसऱ्या कडव्यात मुलगी अडखळली. शब्द आठवेनात, की बापाचा हात जड झाला कोण जाणे, ती गप्प झाली. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

हात तिच्या पाठीवर तसाच होता. डोळे मिटलेले, मान ठेक्यात डोलत होती. मग त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघून हसले आणि दुसऱ्या हाताची मूठ हवेत आपटली. जोरात. पुन्हा आपटली.

घरात कसलाही आवाज नव्हता. मीही माझी मूठ उचलली आणि त्यांच्याकडे बघून आपटली.