हिरा काकीच्या मापाचा बाक

परवा एका पाहुण्यानं आमच्या कॅम्पला पाचपैकी तीनच तारे दिले. जेवण छान, तंबू स्वच्छ, पवनेच्या पाण्यावरचा सूर्यास्त अप्रतिम, पण जेट्टीवरचा बाक भलताच उंच आहे, बसलं की पाय लोंबकळतात. शेवटी सल्ला दिलाय, की पाय चार बोटं कापून घ्यावेत. ते वाचून मला त्याचेच कापावेसे वाटले. मी खाली 'धन्यवाद, नोंद घेतली आहे' असं लिहिलं. धंदा आहे, असंच लिहावं लागतं. खरं उत्तर लांबलचक आहे, आणि ते मोबाइलवर लिहिण्यासारखं नाही.

तो बाक माझ्या चुलत्यांनी, श्रीपती आबांनी, करून घेतला. आबा होडीवाले. धरणाच्या पलीकडच्या वाड्यांवरून दुधाचे कॅन, बाजाराला निघालेली माणसं, नवऱ्या, बाळंतिणी, सगळं एके काळी त्यांच्या होडीतून आलंय. पुढं पाण्याला वळसा घालून रस्ता झाला, जीपा धावायला लागल्या, आणि होडीला काम उरलं ते मासळीचं आणि माझ्या पाहुण्यांना एक फेरी मारून आणायचं. आबांनी त्याचंही वाईट वाटून घेतलं नाही. पाहुण्यांना लाइफ जॅकेट घालायला लावताना मात्र ते असे ओरडतात, की एकदा एका साहेबांनी बायकोच्या आधी त्यांचीच माफी मागितली.

वस्तू पारखण्यात आबांचा हात धरणारा आमच्या गावात कुणी नाही. कामशेतच्या बाजारात पातेलं घ्यायचं, तर दुकानातली सगळी पातेली बोटानं वाजवून बघणार. त्यांची छत्री माझ्या लहानपणापासूनची. कापड बदललं, काड्या बदलल्या, मूठही बदलली, तरी ते छातीठोकपणे सांगतात, छत्री तीच. 'घ्यायचं तर येकदाच घ्यायचं,' हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

हिरा काकी, म्हणजे आबांची बायको, यावरून त्यांची फिरकी घ्यायची. "मला बघाय आले, तवा ह्यांनी माजं त्वांड बगितलंच न्हाई. निस्ते हात बगितले. म्हनलं, अगं बया, ह्यो मानूस नवरी बघाय आलाय का बैल?"

आबा गालात हसायचे. "मग, टिकाऊ निगाली का न्हाई?"

टिकाऊ निघाली, पण गुडघे सोडून. उभा जन्म चिखलात वाकून भात लावला, त्याची वसुली गुडघ्यांनी केली. डॉक्टरांनी सांगितलं, मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही. म्हणजे जमिनीवर बसायचंच नाही. मग खुर्चीवर बसावं, त्यात काय अडचण, असं तुम्हाला वाटेल. अडचण माझे वडील होते.

माझ्या वडिलांचं नाव भिमाजी, पण सगळं गाव त्यांना भाऊ म्हणतं, आम्हीसुद्धा. ते आबांपेक्षा मोठे, म्हणजे काकीचे थोरले दीर. थोरल्या दिरासमोर सुनेनं खुर्चीवर बसायचं नाही, खाली बसायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. आता नव्या सुना ती पाळत नाहीत आणि भाऊंनीही कुणाला कधी टोकलं नाही. पण काकीच्या अंगात ती रीत मुरली होती. भाऊ कॅम्पवर जांभळाखाली प्लॅस्टिकची खुर्ची टाकून, जेट्टीकडं तोंड करून, दिवसभर बसायचे. कोण आलं, कोण गेलं, कुणाचं पोरगं पाण्याजवळ गेलं, सगळ्यावर त्यांची नजर. काकी दुपारी आबांची भाकरी घेऊन यायची. होडी नेमकी पलीकडे असायची. मग ती जेट्टीच्या टोकाला, दोराच्या खुंटाला धरून उभी राहायची. एकदा या पायावर भार, एकदा त्या पायावर.

"बस की गं हिरा," भाऊ लांबून म्हणायचे.

"ऱ्हाऊ द्या भाऊ, बरं हाय हितं," असं म्हणून ती पदर पुढं ओढायची.

मी कितीदा तरी खुर्ची नेऊन ठेवली. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहायची. माझी बायको प्रेरणा एकदा वैतागून म्हणाली, "काकी, जग कुठल्या कुठं गेलं!" काकी म्हणाली, "जग गेलं आसंल बाई. माजं गुडगं गेलं, लाज न्हाई गेली."

ती नुसती जेट्टीवर उभी राहायची असं नाही. भजनाला उभी, बारशाला उभी, मयताला उभी. भाऊ किंवा भाऊंच्या वयाचं कुणीतरी समोर असायचंच.

त्याच सुमारास मी जेट्टीवर बसायची सोय करायचं काढलं. आधीच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांपैकी एक वाऱ्यानं तळ्यात नेली होती आणि एक पाहुण्यासकट मोडली होती. उन्हानं त्या अशा ठिसूळ होतात, की नखानं भुकटी निघते. आबा म्हणाले, "माज्यावर सोड. मी बगतो." मी सोडलं. त्या दिवशी दुपारी जेवताना त्यांनी काकीला विचारलं, तुला कसलं बसायला चालेल. काकी म्हणाली, "पान्याकडं त्वांड आन हिकडं पाठ आसंल, आन ती पाठ माज्या डोक्याइतकी उच आसंल, तर बसंन. भाऊंना दिसायची न्हाई मी."

"करतो," आबा म्हणाले.

लोखंडाचा बाक त्यांनी तळेगावला एका वर्कशॉपमध्ये बघितला. रंगाखालून गंज धरतो आणि चैत्रात बूड भाजतं, म्हणून तो गेला. लोणावळ्यात हायवेला बंगलेवाल्यांसाठी बागेच्या खुर्च्यांचं दुकान आहे, तिथं मी त्यांना घेऊन गेलो. वेतासारखं दिसणारं, पण प्लॅस्टिकचं विणलेलं सामान. आबांनी एक पट्टी नखानं उचकटली आणि ओढून बघितली, ती सुटली. दुकानदारानं आम्हाला बाहेर काढलं ते बरंच केलं, नाहीतर आबा अख्खा सोफा उसवून बसले असते. सिमेंटचा बाक मी सुचवला. आमची जेट्टी निळ्या ड्रमांवर फळ्या ठोकून केलेली, पाणी ओसरलं की ओढत मागं न्यावी लागते. आबा म्हणाले, सिमेंटच्या वजनानं ती एका बाजूला कलंडंल. काकीला तर सिमेंटचं नावच नको होतं. बस थांब्यावर, स्मशानात, शाळेपुढं जे सिमेंटचे बाक असतात, त्या सगळ्यांच्या पाठीवर कुणा ना कुणाच्या स्मरणार्थ असं लिहिलेलं असतं. ती म्हणाली, "तसलं बाकडं मेलेल्या मानसाचं आसतंय. मी जित्ती हाय अजून."

राहिलं लाकूड. तेव्हा आबांनी जे केलं, त्याचा मला अजून राग येतो. त्यांनी सागाचे, बाभळीचे, जांभळाचे आणि ऐनाचे तुकडे आणले. प्रत्येकाचा एक तुकडा दोरीनं बांधून जेट्टीखाली पाण्यात सोडला आणि एक वर उन्हात ठेवला. "येक पावसाळा आन येक उन्हाळा जाऊ दे. मग कळंल."

"आबा, अख्खं वर्ष?"

"घ्यायचं तर येकदाच घ्यायचं."

आणि काकी वर्षभर उभी राहिली. मध्ये मी एक स्टूल आणलं, उंच, चांगलं मजबूत. ती म्हणाली, "नगं रं बाबा. त्यांनी करायला घेतलंय ना? मी दुसऱ्यावर बसले तर त्यांना काय वाटंल?" रोज दुपारी ती दोरी वर ओढून लाकडाचे तुकडे बघायची आणि होडी लागली की आबांना बातमी द्यायची. ऐनाला चीर पडली, बाभळीला किडा लागला, जांभूळ पाण्यात झकास पण उन्हात पिळवटलं. "तुमचा सागच पास व्हनार बगा," असं म्हणून हसायची.

साग पास झाला. लोणावळ्यात एक जुना बंगला पाडत होते, त्याच्या चौकटी आबांनी भंगारवाल्याकडून उचलल्या. पक्क्या झालेल्या, काळसर, जड. कामशेतचा केरबा सुतार काम करायला तयार झाला. त्यानं उंची विचारली. आबा म्हणाले, उद्या सांगतो.

ती उंची कशी घेतली, ते मी बघितलंय. मी काही कामानं त्यांच्या घरी गेलो होतो. काकी भिंतीला पाठ लावून उभी होती, दोन्ही हात आबांच्या खांद्यांवर. "हळू हळू खाली ये," आबा म्हणत होते, "दुकायला लागलं की सांग." ती भिंतीवरून घसरत इंच इंच खाली येत होती, चेहरा आवळून. "हितं," ती म्हणाली. आबांनी तिला वर उचललं, म्हणाले, आता थोडी वरच धरू, आणि भिंतीवर कोळशानं रेघ ओढली. मला बघून काकी एवढी लाजली, की जणू आत्ताच लग्न झालंय. मी पाणीही न पिता परत फिरलो. ती रेघ अजून त्या भिंतीवर आहे.

दिवाळीच्या अगोदर बाक तयार झाला. केरबानं पितळेचे स्क्रू वापरले, जवसाच्या तेलाचे दोन हात दिले आणि निरोप धाडला, घेऊन जा. आबा जाऊन बघून आले. हवा दमट, दुसरा हात नीट सुकला नव्हता. केरबा म्हणाला, तिसरा हात तिथंच नेऊन मारू. आबा म्हणाले, "न्हाई. तिसरा हात हून, वाळून, मगच हालवायचा." काकीला येऊन सांगितलं, आता पुढच्या आठवड्यात. ती म्हणाली, "येवढी उभी ऱ्हायले, आठ दिवसांचं काय?"

तिसरा हात वाळत असतानाच काकी गेली. सकाळी भांडी विसळताना छातीत कळ आली. मी जीप काढली, आबा मागं तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. कामशेतला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आबा उतरेनात. त्यांच्या हातात तिचा हात होता आणि ते तो उलटा-सुलटा करून बघत होते.

दिवस झाल्यावर बाक आला. चौघांनी उचलून जेट्टीवर ठेवला, पाण्याकडं तोंड, कॅम्पकडं पाठ. काय सुरेख झालाय तो, खोटं कशाला बोलू. आता असा बाक, आणि घरात नुकतंच माणूस गेलेलं, म्हटल्यावर सगळ्यांनी तेच धरलं. पाठीवर काकीचं नाव घालायचं. गावातले म्हणाले, भाऊही म्हणाले, आणि पेंटरला मीच बोलावलं. त्यानं खडूनं ओळ आखली, डबा उघडला, ब्रश बुडवला. तेवढ्यात आबा होडीतून उतरले आणि सरळ येऊन त्यांनी त्याचं मनगट धरलं.

"नाव नगं."

"आबा, काकीच्या स्मरणार्थ..." मी म्हणालो.

"स्मरणार्थ न्हाई केलेलं ह्ये," आबा म्हणाले. "तिला बसाय केलंय."

त्यांनी उपरण्यानं खडूची ओळ पुसली, पार काही दिसेनासं होईपर्यंत. पेंटर डबा बंद करून गेला. भाऊ जांभळाखाली आपल्या खुर्चीत होते, त्यांनी ते ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून आबा दुपारची भाकरी जेट्टीवरच खायला लागले. बाकावर नाही. खाली फळ्यांवर, बाकाच्या पायाला टेकून. मी जाऊन म्हणालो, "वर बसा की." त्यांनी नुसती मान हलवली.

मी मागं वळलो, तर भाऊ उभे राहिले होते. त्यांनी एका हातानं आपली खुर्ची उचलली, फिरवली, आणि तळ्याकडं पाठ करून, रस्त्याकडं तोंड करून पुन्हा बसले. सकाळपासून हलले नव्हते, म्हणून मी विचारलं, "भाऊ, डोळ्यावर ऊन येतंय का?"

"न्हाई," ते म्हणाले. "हिराला बसू दे."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते ते पुसतही नव्हते. मलाही रडू फुटलं, आणि रडण्यापेक्षा राग जास्त आला. आबांचा, भाऊंचा, काकीचासुद्धा, आणि माझा. आम्ही लोणावळ्यापर्यंत दुकानं पालथी घातली, लाकडं वर्षभर पाण्यात घातली, तेलाचे हात मोजले. दिराला दिसू नये म्हणून एवढी उंच पाठ केली. आणि दिराची खुर्ची फिरवायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही, खुद्द दिरालाही नाही.

भाऊ आता रोज दुपारी होडी लागायच्या वेळेला खुर्ची फिरवतात आणि आबांचं जेवण होईपर्यंत तसेच बसतात. पाहुणे हसतात, एवढं सुंदर तळं सोडून म्हातारा रस्त्याकडं काय बघतोय म्हणतात. हसू देत. बाकाचे पायही मी कापणार नाही. ती भाऊंची खुर्ची साधी प्लॅस्टिकची आहे, लहान पोरानंही उचलावी अशी. दोन वर्षांपूर्वी ती कुणी एवढी फिरवली असती, आणि जेट्टीवरच्या खुर्चीत दोन उशा टाकल्या असत्या, तर काकी त्याच दुपारी बसली असती.