लाल कड्यांच्या डोहात आम्ही दोघं

"आपण शेवटचं लांबवर कधी बघितलं गं?" सिंगापुरात, सेंगकांगच्या एलआरटी ट्रेनमध्ये माझ्या नवऱ्याने, निखिलने विचारलं. खिडकीबाहेर समोरच्या ब्लॉकमधले वाळत घातलेले कपडे सरकत होते. त्याच आठवड्यात ठरलं: ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला, एका गुरांच्या फार्मवर पाहुणे म्हणून राहायचं, त्यांच्याबरोबर काम करायचं आणि पोहायचं.

चांगी विमानतळावरून डार्विनला थेट विमान आहे, पुण्याला पोचायला लागतो त्याहून कमीच वेळ. पाऊस नसलेले महिने निवडा, नाहीतर रस्तेच पाण्याखाली असतात. आम्ही भाड्याने फोर-बाय-फोर घेतली. तिकिटांपेक्षा तीच महाग पडली, पण लहान गाडीचा मोह टाळा. पेट्रोल पंप दिसला की टाकी भरायची आणि अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचा, कारण संध्याकाळी कांगारू आणि गुरं रस्त्यावर येतात. समोरून तीन-तीन डबे ओढणारे ट्रक यायचे आणि आमची गाडी नुसत्या वाऱ्याने थरथरायची. डांबर संपलं, तांबडी माती सुरू झाली. तासभर एकही घर दिसलं नाही.

फार्म हेलन आणि डग या साठीतल्या जोडप्याचं. आम्ही बीफ खात नाही, हे मी आधीच कळवलं होतं. डगने दारातच विचारलं, "मग इथे तुम्ही खाणार काय?" उत्तर म्हणून मी त्याच रात्री त्यांच्या चुलीवर पिठलं केलं. हेलनने निखाऱ्यांवर भाजलेल्या जाड पावाबरोबर ते इतकं छान लागलं, की डगने पातेलं पुसून खाल्लं. (बेसन, मसाले घेऊन जा. मात्र कस्टम्सला सगळं सांगा.)

दुसऱ्या दिवशी काम. एका हौदाचा वॉल्व्ह तुटला होता. हौद कोरडा पडलेला आणि भोवती शेकडो गुरं गप्प उभी. निखिलने पाइप धरला, मी स्पॅनर देत राहिले, डगने वॉल्व्ह बदलला. पाणी धो धो आलं आणि गुरं पुढे सरकली. इतकी जनावरं एकदम पाणी पितात तेव्हा कसा आवाज होतो, ते मला आधी माहीत नव्हतं. जणू जमीनच घोट घेत होती. सिंगापुरात दिवसभर आकडे बघणारी मी, चिखलात उभी राहून रडत होते. डगने पाहिलं आणि नुसतं म्हणाला, "हं. पहिल्यांदा होतं तसं."

मग हेलन आम्हाला डोहावर घेऊन गेली. इथे मगरी आहेत. स्थानिक माणूस दाखवेल त्याशिवाय कुठल्याही पाण्यात उतरू नका. हा डोह धबधब्याच्या वर, मगरी चढू शकत नाहीत तिथे, म्हणून सुरक्षित. दोन्ही बाजूंना लाल कडे, मध्ये हिरवंगार पाणी, तळ दिसतच नव्हता. हेलनने फोमची लांब, तरंगणारी नळी माझ्या हातात कोंबली. "प्रत्येक जोडीमागे एक. माझा नियम आहे."

निखिल कराडचा, कृष्णेत पोहत मोठा झालेला. मी चाळिशीनंतर कॉन्डोच्या पूलमध्ये शिकले, पाय टेकतात तिथेच. मी काठाकाठाने हातपाय मारत होते, तो डोहाच्या मध्यावर पोचला होता. तिथून त्याची हाक आली, "मृणाल, पायात गोळा आलाय!"

पाणी बर्फासारखं होतं. हेलन उठून धावली, पण ती दूरच्या खडकावर होती. मी नळी छातीखाली घेतली आणि निघाले. खाली बघितलं नाही. निखिलचं डोकं एकदा पाण्याखाली गेलं, वर आलं. मी पोचले तेव्हा त्याने नळी दोन्ही हातांनी कवटाळली.

"पाठीवर हो," मी म्हटलं. "मी आहे."

मग आम्ही दोघं तिथेच तरंगत राहिलो. त्याचे डोळे सताड उघडे, आकाशाकडे; मला वाटलं, भीतीने गोठलाय. "हळूहळू पाय हलवा!" हेलन ओरडली आणि पोहत आमच्याकडे आली. तिघं मिळून खडकाला लागलो. निखिलची पोटरी चोळताना माझे हात थांबत नव्हते.

परतून काही आठवडे झाले. रॅफल्स प्लेसला ऑफिस आहे, मीटिंगा आहेत, सगळं आहे तसं आहे. गेल्या शनिवारी बिशानला मित्रांकडे जेवायला गेलो, तिथे निखिलने स्वतःच हा किस्सा सांगितला. कुणीतरी विचारलं, "फार घाबरला असशील ना?"

"आधी खूप," तो म्हणाला. "मग ही आली. पाठीवर झालो तर वर ते कडे, उन्हाने पेटल्यासारखे, आणि मध्ये आकाशाची एवढीशी पट्टी. माझी भीतीच गेली. इतकं सुंदर मी काही बघितलेलं नाही." तो माझ्याकडे वळला. "तू बघितलंस ना?"

मी नव्हतं बघितलं. मी पूर्ण वेळ त्याच्याकडेच बघत होते.