शाळेत कोकम, रास्त भावाने

आमच्या ग्रुपचं काम तसं सरळ आहे. शाळा-कॉलेजांत जायचं आणि ‘रास्त व्यापार’ समजावून सांगायचा. म्हणजे जो पिकवतो, बनवतो, त्याच्या हातात कष्टाचा पुरता मोबदला पडला पाहिजे. काम किती पुढे सरकलं देव जाणे, पण किस्से मात्र माळ्यावरच्या रद्दीसारखे साठलेत. एक ओढायला जावं तर चार अंगावर!

ग्रुप म्हणजे तिघंच. लालबागचा मी, लोअर परळच्या ऑफिसातला माझा दोस्त जयेश आणि आमच्या लीडर कांबळे बाई. बाई परळच्या शाळेतून रिटायर झाल्या, आवाज अजून ड्यूटीवर आहे.

सातवीच्या वर्गात आम्ही बाजाराचा खेळ घेतो. बाईंनी विचारलं, "शेतकरी कोण होणार?" एकही हात नाही. "दुकानदार?" तीन-चार हात. "दलाल?" अख्खा वर्ग बाकावर उभा!

"चला," बाई म्हणाल्या, "निदान विषय तरी कळलाय पोरांना."

शेवटी एका मुलीला बळेच शेतकरी केलं. दलाल भाव पाडत गेले, तशी ती कागदाचे टोमॅटो दप्तरात भरायला लागली. "अगं, काय करतेस?" "नाही विकायचे मला. घरी नेते, आई सार करेल." खेळ तिथंच आटोपला.

दादरच्या एका कॉलेजात जयेशने झकास पीपीटी दाखवली. कापूस, कारागीर, शोषण, सगळं. टाळ्या पडल्या. मग मागून एक मुलगी उठली. "सर, तुमचा हा टी-शर्ट कुणी शिवलाय?"

जयेश मान वाकडी करून कॉलर बघायला लागला. बाई शांतपणे स्टेजवर गेल्या, चष्मा लावला, लेबल वाचलं. "नाव नाही लिहिलेलं. थंड पाण्यात धुवा, एवढंच आहे." आता तो लेक्चरला ओळखीच्या शिंप्याने शिवलेला शर्ट घालून येतो, इस्त्रीचा!

आता वनिता वहिनीचं सांगतो. ती माझी चुलत वहिनी, कुडाळकडची. तिचा बचत गट कोकम सरबत करतो. दरवर्षी व्यापारी सांगेल त्या भावाने माल द्यायचा आणि गप्प बसायचं. यंदा बाईंच्या जुन्या शाळेने कॅन्टीनसाठी विचारलं, तशी वहिनी बाटल्या घेऊन थेट आमच्या खोलीवर. "ह्या जमला नाय, तर परत त्या व्यापाऱ्याच्याच दारात उभा रवाचा लागतला," एवढंच म्हणाली. जेवली नाही धड. मलाच टेन्शन आलं.

आधी मुलांनी चाखायचं ठरलं. एकाने दोन ग्लास रिचवले आणि तक्रार केली, "ह्यात फसफस का नाही?"

"फसफस म्हणजे हवा रे बाबा," वहिनी म्हणाली. "हवेचे पैशे मी कशे घेव?" त्याने तिसरा ग्लास पुढे केला.

मुलं पास, उरल्या मुख्याध्यापिका. त्या बाईंच्याच विद्यार्थिनी. सरबत आवडलं, सगळा माल घेऊ म्हणाल्या. "फक्त भाव थोडा कमी करा, लगेच सही करते."

वहिनी ‘हो’ म्हणून मान हलवणार, तेवढ्यात बाई उठल्या. पिशवी उचलली. "चल गं वनिता." आणि दादरच्या मंडईत गिऱ्हाईक भाव पटला नाही की निघतं, तशा थेट दाराबाहेर! मी आणि जयेश बाटल्या सावरत मागे.

कॉरिडॉर संपत आला. कुणी हाक मारेना. वहिनीच्या डोळ्यांत पाणी. "बाई, गेला ओ सगळा!"

"मागे बघू नकोस," बाई पुटपुटल्या.

जिना आला. बाईंनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि मागून मॅडम अक्षरशः धावत आल्या. "बाई! अहो बाई, या परत! तुमचाच भाव, झालं?"

वहिनी गर्रकन वळली. बाईंनी तिचा दंड धरला आणि हळूच म्हणाल्या, "सावकाश चाल. आपल्याला घाई नाही."