शनिवारी रडायचं नाही

मुंबईहून यहुदी पंचांग आलं, की रिबेकाबाई चष्मा लावून आधी एकच गोष्ट शोधायच्या: बिरड्याचा रोजा कोणत्या वारी आला? जेरुसलेमचं जुनं देऊळ पडलं, त्या शोकाचा हा कडक उपास. सोडताना वालाचं बिरडं खायचं, म्हणून त्यांच्याकडे त्याला हे नाव. तो शनिवारी आला असला, की बाई पंचांगावर टिचकी मारायच्या. "शनिवार देवाच्या आरामाचा. त्या दिवशी तोंड पाडून बसाचं नाई. रोजा रविवारी!"

"असं ढकललेलं देवाला चालतं?" मी विचारायची.

"त्याचाच कायदा हाय, पोरी. माफीचा मोठा रोजा तेवढा शनिवारी बी धरा लागते. बाकी सारे सरकतात."

राजापेठेत आमची भिंतीला भिंत. बाई शाळेत गणित शिकवायच्या, मलाही त्यांनीच मारून मुटकून पास केलं. बाईंची माणसं मूळची कोकणातली, पण वडील अकोल्याला रेल्वेत, त्यामुळे बोलणं अस्सल वऱ्हाडी. माझी आई मारुतीचा शनिवार करायची आणि दर शनिवारी दोघींची जुंपायची.

"सुनंदा, आज तरी जेव वं!"

"माह्या वाटचं बी तुमीच जेवा, बाई!"

आणि बाई खरंच जेवायच्या हो! रोजा पुढे सरकला, की शनिवारी सूर्य बुडायच्या आत दोन घास जास्तच. मग गच्चीवर जायचं. तीन चांदण्या दिसल्या की शनिवार संपला. खाली येऊन त्या उघड्या फरशीवर शोकाला बसत. ऐन पावसाळ्यात कुठल्या चांदण्या? मी म्हणायची, पंचांगात वेळ छापलीय ना! "छापलीये. पन पाहून घेतलेलं बरं."

आई गेली ती गुरुवारी, अचानक. शुक्रवारी तिला पोचवून आलो आणि मी भिंतीकडे तोंड करून पडले. पाणीसुद्धा नको वाटत होतं. शनिवारी दुपारी बाई डबा घेऊन आल्या. बाई शनिवारी चूल पेटवत नसत, कालच करून ठेवलेलं होतं.

"ऊठ. जेव."

"बाई, माझी आई गेली!" मी ओरडलेच त्यांच्यावर.

"मले मालूम नाई? माही बी मैत्रीण गेली ना. पन आज शनिवार हाय. रडनं माफ नाई केलं, उद्यावर ढकललं. उद्या दोघी मिळून रडू, पोटभर. आज जेव."

मी जेवले. रविवारी सकाळी बाई आल्या, माझ्याशेजारी फरशीवर बसल्या आणि माझ्याआधी त्यांनीच हंबरडा फोडला.

गेल्या पावसाळ्यात बाई गेल्या. शनिवारी पहाटे, झोपेतच. त्यांचा भाचा म्हणाला, आज दफन नाही, उद्या. मी घरी आले, ताट वाढून घेतलं. घास फिरत होता तोंडात, तरी गिळला. शेजारीण दारातून बघत म्हणाली, "काय दगडाची बाई हाय! जेवून राहिली!" म्हणू दे.

दिवस मावळल्यावर गच्चीवर गेले. ढग होतेच. एक दिसली, बऱ्याच वेळानं दुसरी. घड्याळाप्रमाणे शनिवार कधीच संपला होता, पण पाहून घेतलेलं बरं. ओठ दाबून उभी राहिले. पाण्याच्या टाकीमागचा ढग सरकला आणि तिसरी दिसली.

मग मी खाली आले, उघड्या फरशीवर बसले आणि बाईंसाठी पोटभर रडले. शेजारी दुसरं कुणी नव्हतं.