सुलभाची बाही

भामाकाकू थकल्या होत्या आणि ते त्या स्वतःच सगळ्यांना सांगत. विद्यानगरात आमच्या शेजारी बावीस वर्षं शिलाईचं पायमशीन मारून त्यांचे गुडघे गेले, नजर गेली, वर आता बायका रेडिमेडच्या नादी लागलेल्या. त्यात मुलाने, हेमंतने, सिंगापूरहून विजेचं मशीन आणलं. चकती फिरवली की पानं, फुलं, बदकं आपोआप उमटायची. बायका बदकांचं कौतुक करत, काकूंकडे कोणी बघत नसे. मला त्या बदकांचा रागच यायचा.

चौऱ्याण्णव साली त्यांची धाकटी जाऊ सुलभा आली. छातीतल्या गाठीच्या ऑपरेशननंतर तिचा उजवा हात सुजून जड झाला होता, एकही ब्लाउज चढत नव्हता. वर्षभर ती शाल पांघरून घरातच होती. आता तिच्या धाकट्या लेकीचं, कविताचं, लग्न ठरलेलं.

"मी तुळशीपाशी बसते," ती म्हणाली. "वधूच्या आईनं अक्षता बघू नयेत म्हणतातच की."

"हौ? मग थोरलीच्या लग्नात सगळ्यात पुढं कोण उभं होतं?" काकूंनी विचारलं.

काकूंनी तिच्या ब्लाउजच्या बाहीला खालच्या बाजूने बनियनच्या कापडाची पट्टी घातली आणि सवयीने पायमशीनवरच सरळ, घट्ट शिवण मारली. कापड फाटेल पण काकूंचा दोरा सुटणार नाही, अशी त्यांची ख्याती. सुलभाने ब्लाउज घालून अक्षता टाकल्यासारखा हात वर केला आणि दोरा तटतट तुटला. कापड ताणलं, शिवण ताणली नाही. तिने शाल ओढून घेतली. ते मला बघवेना.

"नव्याला नावं ठेवत बसले मी," काकू म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीनचं इंग्रजी पुस्तक माझ्याकडून वाचून घेतलं. ताणणाऱ्या कापडाचा वेगळा टाका निघाला, दोन पावलं पुढे, एक मागे. काकूंनी चार वेळा उसवलं. कंबर धरून पाचव्यांदा बसल्या, तेव्हा जमलं. जोड दिसू नये म्हणून त्याच मशीनवर सोनेरी दोऱ्याची पानांची वेल फिरवली.

लग्नात सुलभा पुढे उभी राहिली, शालीशिवाय. मंगलाष्टकं सुरू झाली. सगळे वधूवरांकडे बघत होते, काकू त्या बाहीकडे. 'सावधान' म्हणताच सुलभाचा हात वर गेला, आधी जपून, मग पुरता. शिवण टिकली.

काकू मटकन खुर्चीत बसल्या. त्यांच्या अक्षता तशाच मुठीत राहिल्या होत्या.