चुना लावलेली रास

वडूजच्या पुढं आमच्या माळावर दगडांची एक जुनी रास आहे. शेरडं राखायच्या वयात मी तिच्यावर बसून भाकरी खाल्लेली. तिच्याखाली कुणाला तरी पुरलंय हे कळलं ते पुण्याहून बाई उत्खननाला आल्या तेव्हा. नवाश्मयुगातलं दफन, असं त्या म्हणाल्या. त्यांना राखणीला माणूस हवा होता. गावात रिकामा आणि बोलका असा मीच.

एकेक दगड काढायचा, त्यावर खडूनं आकडा घालायचा आणि ओळीनं मांडून ठेवायचा. तळाशी मडकं निघालं, त्यात तान्ह्या लेकराची हाडं. बाई म्हणाल्या, "हाडं तपासायला पुण्याला जातील. दगड मात्र होते तसे परत रचायचे. ते तुमच्याकडं." मी छातीवर हात ठेवून हो म्हटलं.

मग बाईंचे वरिष्ठ पाहणीला यायचे होते. त्यांना आणायला बाई कोरेगावच्या स्टेशनावर गेल्या. मला वाटलं, पाहुणे येणार आणि कबर अशी उघडीवाघडी. शबेबरातीच्या आधी आम्ही घरच्या कबरींना चुना लावतो, तसा हात आपसूक बादलीकडं गेला. दगड स्वच्छ धुतले, वर चुन्याचे दोन हात दिले. लय देखणे दिसत होते.

बाई वरिष्ठांना घेऊन आल्या आणि ओळीपुढं थबकल्या. "आकडे कुठं गेले?"

"धुतले की."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या खाली बसल्या.

नशीब, फोटो होते. चुना खरवडायचा, फोटोत बघायचं, दगडाचं तोंड ओळखायचं. बायको डबा घेऊन आली ती थांबलीच. "आवं, त्यो नाकवाला तिकडं," असं करत निम्मी रास तिनंच लावली. मधेच तिनं बाईंना विचारलं, "ते लेकरू परत कवा आणणार?"

"ते तिकडंच राहील. नीट जपून ठेवतात," बाई म्हणाल्या.

बायकोनं उचललेला दगड परत खाली ठेवला.

आमची पहिली मुलगी आठ महिन्यांची असताना गेली. मी तेव्हा सांगलीला कामाला होतो. पोचेपर्यंत भावानं माती दिली होती. आमच्यात बायका कबरस्तानात जात नाहीत. पुढच्या पावसात ती जागा सपाट झाली. बायको विचारायची, तेव्हा मी "लिंबाखाली" म्हणून सांगायचो. लिंबाच्या कुठल्या अंगाला, ते माझं मलाच ठाऊक नाही. साऱ्या खानदानाच्या कबरी रंगवणारा मी, लिंबापाशी आलो की बादली खाली ठेवून उभा राहतो.

चौथ्या दिवशी शेवटचा दगड बसला. बायको राशीकडं बघत म्हणाली, "हितं दगड समदे हायती, लेकरू न्हाई. आपल्या तिथं लेकरू हाय, दगड न्हाई."



परतताना तिनं ओढ्यातनं एक गोल दगड उचलला. मी घेतो म्हटलं, तर दिला नाही. कबरस्तानाच्या फाटकाशी आल्यावर मात्र तो माझ्या हातात ठेवला. "ती हाय तिथं ठेवा," म्हणाली आणि बाहेर थांबली.

मी लिंबाभोवती दोनदा फिरलो. ती फाटकातून बघत होती. मग एका जागी, अगदी ठाऊक असल्यासारखा, वाकलो.